लिहून द्यायचे पैसे वेगळे

माझं घर दादानं बांधलं. दादा म्हणजे माझा सख्खा मोठा भाऊ, अमरावतीत बांधकामाचे ठेके घेतो. मी अकोल्याला, सरकारी दवाखान्यात औषधाच्या खिडकीवर. लग्न केलं नाही. आई माझ्याजवळच राहायची. भाड्याच्या घरांचे मालक बदलून बदलून दोघी कंटाळलो, तेव्हा शहराबाहेरच्या एका नव्या लेआऊटमध्ये मी प्लॉट घेतला. आधी तिथं कपाशी व्हायची. पावसाळ्यात पायातली चप्पल ओढून घेणारी आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणारी काळी जमीन.

प्लॉट बघायला दादा आला, टाचेनं एक ढेकूळ फोडलं आणि म्हणाला, "जमीन भारी आहे. पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. हिच्यावर घर ठेवलं तर घरही तसंच खालवर होईन. खाली मुरूम लागेपर्यंत पाया न्या लागते. खर्च येईन, पण तू काळजी नको करू. बहिणीच्या घरात मी नफा घेईन काय?"

पायाचे पैसे त्यानं वेगळे मागितले आणि मी ते भविष्य निर्वाह निधीतून काढून दिले. लिहून काही घेतलं नाही. भावाकडून काय लिहून घेणार?

आमच्या घरात दादाविषयी एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली जायची. वडील बडनेऱ्याला रेल्वेत होते. ते गेले तेव्हा दादा कॉलेजात होता. त्यानं कॉलेज सोडलं, सेंट्रिंगच्या कामावर जाऊ लागला, आणि माझ्या फार्मसीच्या डिप्लोमाची फी त्यानं भरली. ही गोष्ट खरी आहे. प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात आई ती कोणाला तरी ऐकवायची आणि मी मान खाली घालून ऐकायची. मला त्यात कमीपणा वाटत नव्हता. माझ्या खिडकीवर येणाऱ्या बायकांनाही मी ती सांगितलेली आहे.

पाया खोदला तेव्हा मी नव्हते. दवाखान्यात साथीच्या तापाची गर्दी होती, सुट्टी मिळेना. दादाचा फोन आला, "काँक्रीट पडलं, तू आता भिंतीचा रंग पाहून ठेव." त्याच उन्हाळ्यात त्याच्या मुलीला एका खाजगी मेडिकल कॉलेजात प्रवेश मिळाला. आमच्या घरातली पहिली डॉक्टर होणार होती. मी दवाखान्यात पेढे वाटले. सफाईच्या बायकांपासून साहेबांपर्यंत सगळ्यांना स्वतःच्या हातानं दिले.

गृहप्रवेशाला भन्तेजी आले, परित्राण पाठ झाला, खीर झाली. मागची खोली आईनं घेतली. तिकडून शेत दिसायचं, वारा यायचा. समोरच्या खोलीत मी.

पहिले दोन उन्हाळे काही झालं नाही. तिसऱ्या उन्हाळ्यात आईच्या खोलीचं दार लागेना. सुताराकडून ते घासून घेतलं. पावसाळ्यात ते इतकं सैल झालं की वाऱ्यानं आपटायचं. मग खिडकीच्या कोपऱ्यापासून एक भेग निघाली आणि तिरपी, पायऱ्या पायऱ्यांनी, छतापर्यंत चढली. दादा मिस्त्री घेऊन आला, भेग भरली, वरून रंग मारला.

"प्लास्टरची भेग आहे," तो म्हणाला. "काळ्या जमिनीत कोणाचं घर तडकत नाई?"

पुढच्या वर्षी भेग तिथंच पुन्हा उघडली. त्यानं एकट्या मिस्त्रीला पाठवलं. त्यानंतरच्या वर्षी त्यानं फोन उचलणं कमी केलं. तोवर भेगेत माझं बोट जात होतं आणि सकाळी आतून बाहेरचा उजेड दिसत होता. एकदा आईच्या हातून बीपीची गोळी खाली पडली. ती घरंगळत गेली ती थेट मागच्या भिंतीला जाऊन थांबली. मी ती उचलून पुन्हा खोलीच्या मधोमध ठेवली. पुन्हा गेली. आई पलंगावरून बघत होती. म्हणाली, "गोल वस्तू आहे, जाईनच."

त्या दिवशी मी ठरवलं की आता मिस्त्री नको, इंजिनियर आणायचा.

पहिला इंजिनियर अकोल्याचाच. आला, चहा घेतला, भिंतीवर हात फिरवला आणि घर कोणी बांधलं ते विचारलं. मी दादाचं नाव सांगितलं. "अरे, ते तुमचे बंधू का? मग तुम्ही मला कशाला त्रास देता ताई, ते पाहतील ना." फी सुद्धा घेतली नाही. संध्याकाळी दादाचा फोन. "इंजिनियर आणला म्हणे? माह्या कामावर? मले विचारलं असतं तर मीच पाठवला असता." तो कोणता पाठवणार होता ते मी विचारलं नाही.

दुसऱ्यानं फोनवरच हात झटकले. या धंद्यात सगळे एकमेकांना ओळखतात, एकमेकांकडून कामं घेतात, हे मला तेव्हा कळलं. आमच्या खिडकीवरही असंच असतं. कोणत्या डॉक्टरनं काय चुकीचं लिहिलंय ते आम्हाला दिसतं, आणि आम्ही गोळ्या मोजून देतो.

तिसरा मूळचा परतवाड्याकडचा, नागपुरात स्थायिक झालेला. दादाशी त्याचं काही देणंघेणं नव्हतं. तो फोनवर सरळच बोलला.

"येऊन, बघून तोंडी सांगायचं असेल तर प्रवासखर्च आणि थोडी फी. लिहून द्यायचे पैसे वेगळे."

"लिहायला एवढे काय लागतात?"

"मॅडम, तोंडी बोललेलं तुमच्या घरात राहतं. लिहिलेलं कोर्टात जातं. उद्या मला तिथं उभं राहून सांगावं लागेल की हे मी कशावरून म्हणतो. त्यासाठी पायाशेजारी खड्डा घ्यावा लागेल, माती लॅबमध्ये पाठवावी लागेल, घराची पातळी मोजावी लागेल, एक उन्हाळा-पावसाळा भेगांवर नजर ठेवावी लागेल. नुसता भिंतीवर हात फिरवून मी सही करत नाही."

त्यानं आकडा सांगितला. माझ्या महिन्याच्या पगाराहून जास्त होता. मी म्हटलं, विचार करून सांगते. आईला सांगितलं तर ती तांदूळ निवडता निवडता थांबली.

"नुसतं पाहाले एवढे पैसे? त्याच्यात सगळ्या घराले रंग होते."

"रंगानं भिंत थांबते का, आई?"

"भीत फुटली तर भीत बुजव. भावाले काहून फोडून राहिली?"

मला तेव्हा वाटलं, म्हातारी पैशाला घाबरते. मी इंजिनियरला होकार कळवला.

तो आला तो उन्हाळ्याच्या अखेरीला, सकाळी लवकर. सोबत पातळी मोजायचं यंत्र आणि खोदायला दोन मजूर. आईच्या खोलीमागे, कोपऱ्यातल्या कॉलमशेजारी त्यानं खड्डा आखून दिला. वरची माती इतकी वाळलेली होती की कुदळ आपटल्यावर खणखण वाजायची. आईनं मागच्या दारात खुर्ची टाकली आणि पदर डोक्यावर घेऊन बघत बसली.

मजूर कंबरेएवढे खाली गेले नसतील, तेवढ्यात कॉलमचं खालचं बूड दिसलं. काँक्रीट तिथंच संपलं होतं. त्याच्या खाली माती. काळीच. इंजिनियरनं आणखी खोदायला लावलं. मजुरांची डोकी जमिनीखाली गेली तेव्हा कुठे कुदळीला पिवळा मुरूम लागला. त्यानं टेप सोडून फोटो काढले, माती पिशव्यांत भरली, पिशव्यांवर खुणा केल्या. मग माझ्याकडे वळला.

"पाया किती खोल न्यायचं ठरलं होतं?"

"मुरूम लागेपर्यंत."

"पैसे त्याचेच दिले होते?"

"हो."

"इथं ते झालेलं नाही," तो म्हणाला. "घर मातीवर बसवलंय. आणि संडासाच्या टाकीचं पाणी याच कोपऱ्यात मुरतंय, म्हणून ही बाजू जास्त खाली चाललीय."

आई खुर्चीवरून उठली आणि आत गेली. खुर्ची तिथंच राहिली.

जाताना त्यानं भेगांवर आडव्या काचेच्या पातळ पट्ट्या सिमेंटनं चिकटवल्या. भिंत हलली तर काच तडकेल, प्लास्टरसारखी खोटं बोलणार नाही, असं म्हणाला. पहिला पाऊस होऊन गेल्यावर एका दुपारी आम्ही दोघी जेवत होतो आणि आतून टिचकी मारल्यासारखा आवाज झाला. आईच्या पलंगाच्या वरची पट्टी मधोमध फुटली होती. मी म्हटलं, तू आता समोरच्या खोलीत ये, मी हॉलमध्ये झोपते. आली नाही.

"माह्या डोक्यावर पडली तर पडू दे," ती म्हणाली. हट्ट असेल असं मी समजले.

रिपोर्ट दिवाळीच्या सुमारास आला. स्पायरल बांधणीचा, फोटो लावलेला, शेवटच्या पानावर दुरुस्तीचे प्रकार आणि प्रत्येकाचा अंदाजे खर्च. मागच्या बाजूच्या कॉलमांखाली खोदून पाया मुरमापर्यंत न्यायचा, टाकीचं पाणी दूर काढायचं, घराभोवती फरशीचा पट्टा करायचा. आकडा वाचून मी रिपोर्ट मिटला. रविवारची गाडी पकडून अमरावतीला दादाकडे गेले.

वहिनीनं पोहे केले. दादानं रिपोर्ट गुडघ्यावर घेतला, वाचला नाही, पानं उलटत शेवटपर्यंत गेला.

"याले किती दिले?"

मी सांगितलं.

"मले दिले असते तर जल्मभर भेगा भरून दिल्या असत्या."

"दादा, पाया मुरमापर्यंत नेला नाही तू."

"त्यानं एक खड्डा खंदला. बाकीचे पाहिले काय?"

"पाहू दे मग. तूच सांग त्याला, सगळे खोद म्हणावं."

वहिनी पोह्यांच्या प्लेटा उचलून आत गेली, अजून अर्धे पोहे होते तरी.

"पायाचे पैसे कुठं गेले, दादा?"

त्यानं रिपोर्ट टीपॉयवर ठेवला. "तुह्या डिप्लोमाचे पैसे कुठून आले होते, थे कधी इचारलं काय? तवा कागद मागतला काय मी तुले? तू शिकली, नोकरीवर लागली, आता इंजिनियर आणून भावाचं माप काढून राहिली."

मी म्हणायला हवं होतं की डिप्लोमाची फी आणि घराचा पाया एका तराजूत बसत नाही. म्हणायला हवं होतं की तुला परत हवे होते तर मागायचे होते, मी दिले असते, चोरायचे नव्हते. मी बॅग उचलली, रिपोर्ट घेतला, बडनेऱ्याला येऊन फलाटावर बसले. ज्या स्टेशनावर वडील ड्यूटी करायचे त्याच स्टेशनावर पन्नाशी उलटलेली बाई मांडीवर स्पायरलची वही घेऊन बसली होती आणि लोकांना वाटत असेल, परीक्षेचं काही असेल.

घरी आले तर आई वाट बघत होती. तिनं काय झालं ते विचारलं नाही. पाणी दिलं आणि स्वतःच बोलायला लागली.

"त्यानं मले इचारलं होतं."

"काय विचारलं होतं?"

"पोरीच्या अ‍ॅडमिशनले कमी पडत होते. डोनेशन भरायची तारीख आली होती. तो म्हणे, बाईच्या पायाच्या पैशातून घेतो आता, मंग पाहू. मले इचारूनच घेतले त्यानं."

"तू काय म्हणालीस?"

"मी म्हटलं, घे. थे पोट्टी डॉक्टर होईन, पिढी सुधरन." मग थोडं थांबून, माझ्याकडे न बघता म्हणाली, "अन् तुले एकटीले असं केवढं घर लागते?"

मी कितीतरी वेळ त्या एका शब्दापाशी उभी होते. एकटी. त्या घरात मी कधीच एकटी नव्हते. ती होती. तिच्या डोळ्यांचं ऑपरेशन, तिचे गुडघे, तिची पथ्यं, तिच्या विहारातल्या मैत्रिणींचा चहा, सगळं त्याच घरात होतं. आणि कच्चा राहिलेला कोपरा नेमका तिच्याच खोलीखाली होता. तिला हे माहीत होतं. रोज रात्री ती त्या भिंतीकडे डोकं करून झोपत होती, मुलाचं झाकण्यासाठी. माझ्या हिशोबात ती माझ्याकडे राहत होती. तिच्या हिशोबात ती मुलाच्याच घरात होती, फक्त मुक्कामाला माझ्याकडे.

मी आवाज चढवला. काय काय बोलले ते लिहीत नाही. आईनं एकदाही डोळे पुसले नाहीत. आठवड्याभरात दादा गाडी घेऊन आला, रस्त्यावरच थांबला, आत आला नाही. आई दोन पिशव्या घेऊन गेली. बुद्धाची छोटी मूर्ती तिनं माझ्याकडेच ठेवली. "इथं राहू दे," म्हणाली.

मग भाचीचा फोन आला. मला बरं वाटलं. वाटलं, ही तरी विचारेल. मोठी डॉक्टर झालेली पोरगी, माझ्या पेढ्यांची.

"आत्या, तो रिपोर्ट तू कोणाला दाखवू नको ना," ती म्हणाली. "माझं लग्न जमून राहिलं. त्यांच्याकडेही बांधकामाचाच बिझनेस आहे. बाबांचं नाव खराब होईल."

"तुला माहीत होतं?"

"मला तेव्हा कोण सांगणार होतं? आणि आता माहीत होऊन मी काय करू, आत्या? फी तर भरून झाली."

खोटं बोलली नाही ती. फी भरून झाली होती.

वकिलाकडे गेले. त्यानं रिपोर्ट चाळून मान डोलावली. वर्षं बरीच झालीत, सोपं नाही, पण लढता येईल, असं म्हणाला. व्यवहार तोंडी होता, तेव्हा आईला साक्षीला बोलवावं लागेल. मी कागदपत्रं परत पर्समध्ये टाकली. नात्यातले लोक म्हणतात, बहिणीनं मोठं मन केलं. मन वगैरे काही नाही. आई साक्षीला उभी राहिली असती तर मुलाच्या बाजूनं खोटं बोलली असती, आणि ते मला ऐकायचं नव्हतं.

एक दलालही आला. आमच्या ओळीतली तीन-चार घरं त्यानं विकून दिली होती. त्या घरांनाही भेगा होत्या. मालकांनी वॉलपेपर लावले, खिडक्यांना नवे पडदे टाकले आणि परगावच्या लोकांना घरं दिली.

"ताई, तुमचंही होईल," तो म्हणाला. "फक्त तो कागद जाळा. कागद आहे म्हणून तर घर खराब आहे. नाही तर या सगळ्या घरांत अन् तुमच्यात फरक काय?"

मी त्याला दारातूनच पाठवला. पण तो गेल्यावर बराच वेळ विचार करत बसले, कारण त्याचं म्हणणं बरोबर होतं. शेजारणी माझ्याशी आता जपून बोलतात. माझ्या घरी इंजिनियर आल्याची बातमी पसरली तर त्यांच्या घरांचे भाव पडतील, ही त्यांची भीती. एकीनं तर विहारात सांगितलं की बाईनं स्वतःच्या म्हाताऱ्या आईला घराबाहेर काढलं. मी खुलासा केला नाही. खुलासा करायचा तर दादाचं नाव घ्यावं लागलं असतं, आणि इतक्या वर्षांची सवय तोंडातून जात नाही.

शेवटी कर्ज काढलं. निवृत्तीनंतरचे पैसे कुठं कुठं जायचे ते मी मनाशी ठरवलेलं होतं. ते सगळं या कर्जाच्या हप्त्यांत जाईल. त्याच इंजिनियरनं देखरेख केली. थोडं थोडं खोदत, कॉलमला टेकू देत, मागची बाजू मुरमापर्यंत नेली. यावेळी मी रजा टाकली आणि प्रत्येक खड्ड्यात वाकून बघितलं. मजुरांना ते आवडलं नाही. मुकादम म्हणाला, "बाई, भरोसा नाई काय?" मी म्हटलं, "नाही."

त्याला आता दोन पावसाळे झाले. भिंत हललेली नाही. आमच्या ओळीत बहुधा एवढं एकच घर असेल जे खरोखर जमिनीत उभं आहे. मागची खोली रिकामी आहे. तिथं मी कपडे वाळत घालते.

आई आठवड्यातून एकदा फोन करते, वहिनी घरी नसताना. काम पूर्ण झाल्यावर तिनं विचारलं, "मंग आता काही नाई ना? दार लागते?"

"लागतं."

"पाह्य बरं. काहीच झालं नाई. उगाच भावासंग वाकडं केलं."

खाली जमिनीत माझे दोन वर्षांचे पगार गेले होते, त्यावर ते दार लागत होतं. सांगून तिला कळलं नसतं, किंवा कळलं असतं आणि तरी ती तेच म्हणाली असती. पलीकडे दादाच्या टीव्हीचा आवाज येत होता. मी विचारलं, "गोळी घेतली का सकाळची?"

"घेतली," आई म्हणाली. "तुही वहिनी देते आठवणीनं."